डब्यांच्या भिंतीवर काय लिहिलंय

१० ऑगस्ट २०२५, रविवार. शेगाव

अजनी-पुणे वंदे भारत आज सुरू झाली. पंतप्रधानांनी बंगळुरूहून झेंडा दाखवला आणि गाडी इकडे निघाली. आठ डबे, ८८१ किलोमीटरचा पल्ला, आणि आख्ख्या बुलडाणा जिल्ह्यात थांबा एकच, आमचं शेगाव. स्टेशनवर पाय ठेवायला जागा नव्हती. लोक मोबाइल उंच धरून फोटो काढत होते; मी गर्दीतून वाट काढत डब्यांच्या अंगावरची अक्षरं वाचत गेले. गाडी उभी राहिली की आधी डबा वाचायचा, ही सवय मला वडिलांपासून लागली आहे.

दारं उघडली आणि आतून स्पष्ट आवाज आला. स्टेशनचं नाव, मराठीतही. शेजारी एक आजी नातवाचं बोट धरून उभ्या होत्या.

"गाडीच बोलते काय वं?"

"हो आजी, गाडीच सांगते कोणतं स्टेशन आलं ते."

"मंग आपली पॅसेंजर काऊन नाही बोलत?"

उत्तर सुचलं नाही. घरी येऊन ही वही काढली. अक्षरं, आकडे आणि आवाज, गाडीबद्दल जे जे कळेल ते इथे टिपायचं ठरवलं आहे.

१४ ऑगस्ट, गुरुवार

मलकापूरच्या ऑफिसला जाताना आज मुद्दाम डब्यात कान देऊन बसले. आम्ही अपडाऊनवाले तिला अजून पॅसेंजरच म्हणतो, गाडी मेमू झाली तरी. जलंब, नांदुरा इथे स्टेशनवरच्या भोंग्यातून तरी काही ऐकू येतं. बाकी खुमगाव बुर्ती, बिस्वा ब्रिज, वडोदा. या लहान स्टेशनांवर गाडी क्षणभर टेकते आणि निघते. खिडकीजवळ जागा नसेल तर पिवळी पाटी दिसत नाही.

तरी कोणी चुकत नाही, कारण डबाच एकमेकांना सांगतो. "वडोदेवाले चला बरं पुढे", "मावशी, तुमचं यायचं हाय अजून, बसा." दाराजवळच्या दोघा-तिघांचं हे काम ठरलेलं असतं, कोणी नेमलेलं नसतानाही. शेगावकडे येताना कचोरीवाल्यांची हाक वाढली की बाहेरगावचा माणूससुद्धा पिशवी आवरायला लागतो.

पण रात्रीचं काय? डब्यात चारच माणसं असतील आणि तीही झोपलेली असतील तेव्हा? ज्याला ऐकू येत नाही त्याचं काय? माणसं सांगतात म्हणून व्यवस्थेने सांगायचं नाही, हे मला पटत नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार. ऋषिपंचमी

गजानन महाराजांची पुण्यतिथी. महाराजांनी १९१० साली याच तिथीला समाधी घेतली, आणि यंदा ती गुरुवारीच आली. पहाटेपासून स्टेशनवर दिंड्या उतरत होत्या. टाळ, पताका, डोक्यावर गाठोडी. बहुतेक मंडळी जनरलची, आणि जनरलचे डबे गाडीच्या दोन्ही टोकांना. म्हणजे ज्याच्याजवळ सामान जास्त आणि वय जास्त, त्यालाच फलाटावर सगळ्यात लांब चालायचं. हे मला कधीच नीट वाटलेलं नाही.

गर्दीत एक गोष्ट लक्षात आली. फलाटावर वर्षानुवर्षं विकणारे लोक म्हणतात, पूर्वी डोळे मिटून सांगता यायचं की एस ५ या खांबाजवळ थांबतो, आता अंदाज चुकतो. याचं कारण डब्याच्या लांबीत आहे. जुना निळा डबा, म्हणजे चेन्नईच्या पेरांबूर कारखान्याच्या आयसीएफ नमुन्याचा, साधारण २१.३ मीटर लांब. आताचा लाल-करडा एलएचबी साधारण २३.५ मीटर. फरक जेमतेम सव्वादोन मीटरचा. पण इंजिनापासून दहा डबे मोजले की तो बावीस मीटर होतो, म्हणजे एक आख्खा डबा पुढेमागे. निळे डबे चोवीस लागायचे तिथे एलएचबी बावीस लागतात. शयनयानात बर्थ ७२ होते ते ८० झाले. खांब जागेवर राहिले, डबे सरकले.

म्हणून फलाटावरचे डब्यांचे दिवे, ते कोच इंडिकेटर, आता चैनीची वस्तू राहिलेले नाहीत. एका स्टेशनवर, नाव लिहीत नाही, गाडी येईपर्यंत दिवे एक क्रम दाखवत होते आणि गाडी उलट्या क्रमाने आली. दोन मिनिटांचा थांबा. काठी टेकत निघालेले एक आजोबा आणि त्यांची सून इंजिनापासून मागच्या टोकापर्यंत पळाले. आजोबा चढले खरे, पण त्यांचे पाय थरथरत होते. त्या सुनेने कोणालाही बोल लावला नाही, नुसती घाम पुसत राहिली. माझा मात्र संताप संताप झाला.

१३ सप्टेंबर, शनिवार. जलंब

आमच्या आळीतले काका रेल्वेच्या कॅरेज अँड वॅगन खात्यातून निवृत्त झाले. गाड्या तपासणारा तो टीएक्सआर, म्हणून त्यांना आम्ही सगळे अजून टीएक्सआर काकाच म्हणतो. भाच्याला सुट्टी होती, तिघं जलंबला गेलो. काकांनी साईडिंगला उभ्या असलेल्या एका जुन्या निळ्या डब्याच्या टोकाशी नेलं. "लोक बाजूची अक्षरं वाचतात. खरी जन्मपत्रिका इथं असते, टोकाला," म्हणाले.

आणि खरंच होती. रंग उडालेला, तरी आकडे जागच्या जागी. डब्याचा नंबर ०९२४७. पहिले दोन आकडे बांधणीच्या सालाचे, म्हणजे डबा २००९चा. पुढचे तीन जातीचे. २०१ ते ४०० म्हणजे शयनयान, ४०१ ते ६०० साधा जनरल, ०५१ ते १०० टू टियर वातानुकूलित, १०१ ते १५० थ्री टियर वातानुकूलित, ७०१ पासून गार्डचा आणि सामानाचा डबा. अलीकडच्या डब्यांवर आकडे वाढून सहा झाले, पण सुरुवात सालानेच होते. खाली इंग्रजी अक्षरांची माळ: डब्ल्यूजीएससीएन. काकांनी एकेक अक्षर बोटाने दाखवलं. डब्ल्यू म्हणजे आतून दुसऱ्या डब्यात जाता येतं. जी म्हणजे चाकांवर चालणाऱ्या जनित्राने डबा आपली वीज आपण करतो. एस म्हणजे दुसरा वर्ग, सीएन म्हणजे तीन मजली झोपायची सोय. एलएचबी असेल तर माळेची सुरुवात एलने.

त्याखाली रिकाम्या डब्याचं वजन, मग वर्कशॉपचं नाव, माटुंगा, तिथून दुरुस्ती होऊन निघाल्याची तारीख आणि शेवटी परत जायची तारीख. ही शेवटची तारीख काकांच्या दृष्टीने सगळ्यात पवित्र. ती उलटली की डबा गाडीला लावायचा नाही. "इथं कोणी कितीही मोठा साहेब असो, या तारखेपुढं त्याचं चालत नाही," असं म्हणताना त्यांचा आवाज चढला. मीही त्या तारखेवरून हात फिरवला. रंगाचा थर हाताला लागत होता, जुन्या तारखेवर नवी रंगवलेली.

मग मेन लाइनवरून एक एक्सप्रेस धडधडत गेली. काका बोलायचे थांबले आणि गाडीच्या शेपटाकडे पाहत राहिले. शेवटच्या डब्यावर मोठी पिवळी फुली, खाली एलव्हीची, म्हणजे 'लास्ट व्हेइकल'ची पाटी. स्टेशनातला माणूस प्रत्येक गाडीला हेच बघतो. फुली दिसली म्हणजे गाडी पूर्ण आली, मागे काही सुटून राहिलं नाही, आता मागच्या गाडीला वाट देता येते. दिसली नाही तर धावपळ. रात्री फुली दिसत नाही, म्हणून लाल दिवा लुकलुकतो. अनेक ठिकाणी आता रुळावरच्या चाकांची मोजणी यंत्र करतं, पण काकांची नजर काही सुटलेली नाही.

भाच्याला मात्र मालगाडीने वेड लावलं. दीपनगरच्या औष्णिक केंद्राकडे जाणारा कोळसा सिग्नलला थांबला होता. वाघिणींवर अकरा आकडी नंबर. एक त्याने वहीत उतरवला: १२०७०८४१५३७. काकांनी फोड करून दिली. पहिले दोन वाघिणीच्या जातीचे. पुढचे दोन मालक रेल्वेचे, ०७ म्हणजे दक्षिण पूर्व रेल्वे. मध्य रेल्वे असती तर ०१. मग बांधणीचं साल, २००८. मग चार आकडे तिचे स्वतःचे. आणि शेवटचा ७ कशाचा?

तो पहारेकरी आहे. सम जागांवरचे आकडे घ्यायचे, २, ७, ८, १, ३. बेरीज २१, तिची तिप्पट ६३. विषम जागांवरचे १, ०, ०, ४, ५, बेरीज १०. एकूण ७३. पुढच्या दशकाला, ८० ला, किती कमी? सात. नंबर लिहून घेताना यार्डातल्या माणसाने अंधारात एक आकडा चुकवला तर हा हिशोब जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे कळते. भाच्याने तीन वाघिणींचे नंबर ताडून पाहिले, तिन्ही जुळले. शाळेतल्या गणिताला त्याने कधी एवढा जीव लावलेला मी पाहिला नव्हता.

परत येताना मनात एकच विचार. कोळशाच्या वाघिणीचा एक आकडासुद्धा चुकू नये म्हणून केवढी काळजी घेतली आहे! वजन, तारीख, जात, मालक, सगळं पक्कं. आणि डब्यात चढणाऱ्या माणसासाठी जे लिहायचं ते? दाराशेजारी चिकटवलेला एस ४चा कागद, अर्धा फाटलेला. ही दोन प्रकारची काळजी एकाच मापाची असायला हवी. मला एवढंच म्हणायचं आहे, पण ते ठासून म्हणायचं आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सोनं द्यायला खामगावला आत्याकडे. जलंबला गाडी बदलून शटलने गेले. तेरा किलोमीटरचा हा फाटा १८७० साली सुरू झाला. मेन लाइन १८६७ मध्येच नागपूरला पोचली होती, पण खामगावच्या कापसाच्या बाजाराला ती बाजूने गेली. तेव्हा सरकारने आठ मैलांचा रूळ टाकला आणि उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले. कापूस मँचेस्टरला लवकर पोचावा ही सगळी घाई. माणसं मागून बसली.

आता माणसंच बसतात. खामगावच्या पुढे रूळ नाही. जालन्यापर्यंत जोडा म्हणून मागणी करता करता पिढ्या गेल्या. जिल्ह्याचं ठाणं बुलडाणा, तिथे अजून रेल्वे नाही. गाडी पकडायची तर मलकापूर गाठायचं. आत्या म्हणाली, "तू डब्यावरचं काय लिहितेस, आधी डबा येऊ दे." तिचं बरोबर आहे. पण आलेल्या डब्यावर नीट लिहिलेलं असावं, हेही बरोबर आहे.

२५ ऑक्टोबर, शनिवार. मुंबई

भाऊबीजेला भावाकडे आले ती विदर्भ एक्सप्रेसने. आज त्याने भुयारी मेट्रो दाखवली. तिसरी मार्गिका, आरे ते कफ परेड, ३३.५ किलोमीटर, २७ स्थानकं, त्यातली २६ जमिनीखाली. शेवटचा टप्पा याच महिन्यात उघडला. आठ डब्यांच्या गाड्या अल्स्टॉमने आंध्रातल्या श्री सिटीत बांधल्या आहेत.

मी दादरपासून कान आणि डोळे दोन्ही उघडे ठेवून बसले. इथे खिडकीबाहेर बोगद्याची भिंत. कुठे आलो हे सांगायला ना खांब, ना पूल, ना कचोरीवाला. म्हणून गाडीला बोलावंच लागतं, आणि ती बोलते. पुढचं स्थानक कोणतं, दार कोणत्या बाजूला उघडेल. दारावरच्या नकाशात स्थानकं क्रमाने. समोरचे एक गृहस्थ पुस्तकातून डोळे न काढता बरोबर आपल्या स्थानकावर उठले. नव्या माणसालाही इथे कोणाची विनवणी करावी लागत नाही. मला या गोष्टीचं फार मोल वाटलं. परक्या गावात विचारायला संकोच वाटणाऱ्या बाईला हे विशेष कळेल.

एक नाव ऐकून मी भावाचा हात दाबला. जगन्नाथ शंकरशेठ. मुंबई सेंट्रलच्या स्थानकाला नानांचं नाव दिलं आहे. आमच्या शेगावच्या रुळांचा उगम याच माणसापाशी जातो. १८४५ मध्ये जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह त्यांनी रेल्वेसाठी मंडळी उभी केली, पुढे ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीच्या संचालकांत दोघं बसले, आणि १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदर-ठाणे गाडी सुटली. तीच कंपनी चौदा वर्षांत आमच्या गावांवरून नागपूरला गेली. नानांचं नाव आज भुयारात गाडी स्वतः उच्चारते, याचा मला मनापासून आनंद झाला.

वरच्या लोकलमध्येही पाहिलं. पहिल्या वर्गाचे तिरपे पट्टे, बायकांच्या डब्याचे वेगळे. अक्षर न येणारी बाईसुद्धा पट्टा बघून आपल्या डब्यात चढते. ज्याने हे पट्टे पहिल्यांदा सुचवले त्याला प्रवाशांची नस सापडली होती.

२७ ऑक्टोबर, सोमवार. गीतांजलीत

परतीला गीतांजली. या गाडीवर माझं विशेष प्रेम आहे, आणि ते मधू दंडवत्यांमुळे. भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, राजापूरचे खासदार, १९७७ मध्ये रेल्वेमंत्री झाले. त्याच वर्षी २६ डिसेंबरला मुंबई-हावडा गीतांजली सुरू केली ती एकाच वर्गाची. तिसरा वर्ग १९७४ मध्येच बंद झाला होता, पण नाव पुसून फळी मऊ होत नाही. दुसऱ्या वर्गात लोक लाकडावरच झोपत. दंडवत्यांनी त्या फळ्यांवर दोन इंची फोम घालायला लावला. वडील सांगायचे, पहिल्यांदा त्या गादीवर बसल्यावर त्यांना आपण चुकून दुसऱ्याच डब्यात आलो असं वाटलं आणि उठून बाहेरचा आकडा पुन्हा वाचून आले. पुढे गीतांजलीलाही वातानुकूलित डबे लागले, वर्ग परत आले. गादी मात्र राहिली. आज देशभर जो जो स्लीपरमध्ये पाठ टेकतो, तो त्या निर्णयावर टेकतो.

समोरच्या बर्थवर अकोल्याचा एक तरुण होता, जन्मापासून दृष्टी नसलेला. भुसावळ गेल्यावर चहा घेताना त्याने मला बर्थच्या नंबराची पट्टी दाखवली. आकड्याखाली ब्रेलचे ठिपके. त्याने माझं बोट धरून त्यावर ठेवलं. "हे तीन, हे एक. एकतीस. ताई, आत आलो की मी कोणाला विचारत नाही." त्याच्या बोलण्यात अभिमान होता. मग थोडं थांबून म्हणाला, "पण बाहेरून डबा कोणता ते विचारावंच लागतं. आणि स्टेशन कोणतं आलं, तेही. मोबाइलमध्ये बघतो, पण मधेच रेंज जाते."

नांदुरा मागे पडलं तेव्हा मीच त्याला म्हटलं, "आता जलंब जाईल, मग शेगाव. मी उतरेन. पुढे अकोला, पारस गेलं की तयारीला लागा." त्याने मान डोलावली. पारसनंतर त्याला सांगणारं कोणी असेलच, पण तो भरवसा गाडीने द्यायला हवा होता.

९ नोव्हेंबर, रविवार. शेगाव

अर्ज लिहून झाला. टीएक्सआर काकांनी दोनदा वाचला, भाच्याने शुद्धलेखन तपासलं. मागण्या अशा. भुसावळकडून बडनेऱ्याकडे जाणाऱ्या पॅसेंजर आणि मेमू गाड्यांत प्रत्येक थांब्याची घोषणा डब्यातच व्हावी, मराठीत आधी, लहान स्टेशनंही न वगळता. डब्याचा क्रमांक दाराशेजारी पक्क्या रंगात, हाताच्या उंचीवर ब्रेलसह असावा. कागद चिकटवू नये. डब्यांचा क्रम बदलला असेल तर फलाटावर गाडी येण्याआधी सांगावं, आणि थांबा दोन मिनिटांचा असेल तिथे दोनदा सांगावं. ऋषिपंचमीला आणि महाराजांच्या प्रगटदिनाला जनरलच्या डब्यांची जागा दाखवायला फलाटावर माणूस उभा करावा.

काकांनी शेवटी एक वाक्य घालायला लावलं: डब्याच्या टोकावरची परतीची तारीख जशी न चुकता रंगवली जाते, तशीच ही माहिती न चुकता दिली जावी.

अपडाऊनवाल्यांच्या सह्या उद्यापासून. पहिली त्या वंदे भारतवाल्या आजींची हवी होती, पण त्यांचं गाव विचारायचं राहून गेलं. शुक्रवारी ऑफिसातून सुट्टी काढली आहे. अर्जाची एक प्रत इथल्या स्टेशन मास्तरांकडे देऊन दुसरी घेऊन भुसावळला विभागीय कार्यालयात जाते.